झिंकच्या गोळीचा डोसही लिहायला हवा होता

प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या उपायांवरच्या या लेखात रोज झिंकची गोळी घ्या असं म्हटलंय, पण किती आणि किती दिवस हे सांगितलेलं नाही. नेमकी तिथेच गडबड होते. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार प्रौढांची दिवसाची गरज ८ ते ११ मिलिग्रॅम, आहारासकट वरची मर्यादा ४०. पाकिटावर झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल, तर त्यात शुद्ध झिंक साधारण ५० असतं, म्हणजे एकाच गोळीत मर्यादा ओलांडली! जास्तीच्या झिंकमुळे आतड्याच्या पेशींत एक प्रथिन वाढतं. ते अन्नातून आलेल्या तांब्याला धरून ठेवतं आणि पेशी गळून पडल्या की तांबंही शौचावाटे जातं. काही महिने असं चाललं की शरीरात तांबं कमी पडून रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणजे जी शक्ती वाढवायची तीच घटते. डॉक्टरांनी ठरावीक मुदतीसाठी दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

झोपेला मात्र लेखात एकच ओळ? २०१५ च्या एका अभ्यासात निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला होता. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. आणि फ्लूची लस साथीच्या आधीच घ्या, संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात.