भविष्यकाळात लेंगे वाळत नाहीत

माझा पुतण्या सिंगापूरला असतो. मे महिन्यात तो रत्नागिरीला आला, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मोबाइलवर दीडशे फोटो दाखवून गेला, आणि तेव्हापासून माझा एकही लेंगा धड वाळलेला नाही.

फोटो भविष्यातल्या शहरांचे होते. म्हणजे शहरं आजचीच, पण दिसायला उद्याची. सिंगापूरच्या बागेतली २५ ते ५० मीटर उंचीची पोलादी झाडं, रात्री आतून उजळणारी. (आमच्याकडे माड एवढा वाढला तर नारळ काढणारा पाडेली पुढच्या वाडीत राहायला जाईल.) चीनमधल्या छोंगछिंगला राहत्या इमारतीच्या पोटातून जाणारी रेल्वे. दुबईची मेट्रो तर २००९ पासून ड्रायव्हरशिवाय धावते म्हणे. सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि परत लावला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, आपल्या करबुड्याला कोकण रेल्वेची गाडी साडेसहा किलोमीटर डोंगराच्या पोटातून जाते. पानवलचा पूल ६४ मीटर उंच आहे. मुंबईहून गोव्याकडे सलग गाडी सुरू झाली १९९८ साली!"

"पण काका, बोगद्यात दिसतं काय? काळोख."

यावर बोलायला काही नव्हतं. भविष्यकाळ रस्त्यावरून दिसावा लागतो. आमच्याकडे आला तो थेट रानात जाऊन बसला.

तसं बघायला गेलं तर रत्नागिरीत काय कमी आहे? सिनेमातलं भविष्य आठवा. कायम रात्र, कायम पाऊस आणि ओल्या रस्त्यात पडलेले निळे-गुलाबी दिवे. या हिशेबाने जून ते सप्टेंबर आम्ही जगाच्या पन्नास वर्षं पुढे असायला हवं. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. डबकी हवी तेवढी. पहिल्याच सरीला वीज जाते, म्हणजे रात्रीचीही सोय झाली. अडतं ते दिव्यांशी. आणि ते निऑनचे दिवे तरी कुठले उद्याचे? जॉर्ज क्लोद नावाच्या फ्रेंच माणसाने ते पॅरिसला १९१० साली मांडले. त्याच सुमारास इथे थिबा राजाचा राजवाडा उठत होता. दोघं एका वयाचे. पण दिव्याला अजून भविष्य म्हणतात आणि राजवाड्यात वस्तुसंग्रहालय आहे.

असो. सोसायटीची सभा झाली आणि ठराव पास झाले. दर्शनी भाग काचेने बंद करायचा. जिन्यात निळे सेन्सरचे दिवे बसवायचे. आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला सक्त मनाई. तिसऱ्या ठरावावर मी हात वर केला. तो विरोधाचा होता, पण मोजताना बाजूने धरला गेला.

घरी येऊन पुतण्याने पाठवलेले दीडशेच्या दीडशे फोटो मी पुन्हा पाहिले. काच होती, पोलाद होतं, हवेतले पूल होते. पण कुठेही दोरी नव्हती. टॉवेल नाही, परकर नाही, एक साधा बनियनसुद्धा नाही. शहर भविष्यातलं दिसण्याचं सगळं इंगित तेवढंच असावं. तिथे कुणी राहतंय असं वाटता कामा नये.

कोकणातल्या जुलैत कपडे वाळवणं हे काम नाही, तो जोडधंदा आहे. आमच्या जुन्या घरी माजघरात आढ्याला वलणी टांगलेली असे. बाळाचे लंगोट शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर पसरायचे. सगळ्या घराला धुराचा वास, पण कपडा कोरडा. आता टोपली आहे, शेगडी नाही. मी मोजे फ्रिजच्या मागे वाळवले. शर्ट पंख्याखाली टांगला, तर वीज गेली. लेंगा इस्त्रीने वाळवायला घेतला, तेव्हा त्यातून जी वाफ निघाली तिच्यावर मोदक झाले असते. काचेमुळे वारा बंद झालेला. चौथ्या दिवशी माझ्या अंगाला ओल्या तरटाचा वास यायला लागला आणि आमची ही पलंगाच्या त्या टोकाला सरकली.

शेवटी पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला. "तुझे कपडे कुठे वाळतात रे?"

"खिडकीबाहेर. बांबूवर. इथे सगळेच तसे घालतात."

"बाराव्या मजल्यावरून?"

"हो."

"मग फोटोत कसे नाहीत?"

"त्या बाजूचे फोटो कोण काढतं, काका?"

त्या रात्री अकराला मी बादली घेऊन जिन्यात गेलो. जिन्याच्या वरच्या झरोक्यातून समुद्राचा वारा सरळ खाली येतो. कठड्याला दोरी बांधायला लागलो, तर तिथे आधीच एक दोरी होती. खालच्या मजल्यावर दोन. सेक्रेटरींच्या मजल्यावर तर क्लिपासुद्धा रंगवार लावलेल्या. कुणीच कुणाला काही विचारलं नाही. शेजारच्या वहिनींनी फक्त आपला टॉवेल जरा सरकवून मला जागा करून दिली.

सेन्सर बसवताना वायरमन म्हणाला होता, "साधं नाय वो काका, रडारवालं हाय. हललं की पेटणार." आम्हाला वाटलं, हलणार म्हणजे माणूस. पण वाऱ्याने पहिल्या मजल्यावरची साडी फडफडली, पहिला मजला निळा झाला. वर माझा लेंगा उडाला, चौथा पेटला. मग मधले दोन, मग परत पहिला. पहाटेपर्यंत अख्खी इमारत काचेआडून निळी लुकलुकत होती आणि खालच्या ओल्या रस्त्यात तिची दुसरी इमारत लुकलुकत होती.

दुसऱ्या दिवशी गेटसमोर माणसं थांबून फोटो काढायला लागली. पलीकडच्या सोसायटीचे सेक्रेटरी येऊन खर्च विचारून गेले. आमच्यांनी सांगितला नाही, फक्त "कन्सेप्ट आहे" म्हणाले. पुतण्याचा सिंगापूरहून मेसेज आला, "काका, जबरदस्त! कोणी केलं डिझाइन?" मी फोटो मोठा करून पाहिला. चौथ्या मजल्याच्या काचेमागे निळ्या उजेडात पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी हात पसरल्यासारखं तरंगत होतं.

ही चष्मा लावून मागून वाकली, नीट बघितलं आणि म्हणाली, "उद्या चादरी घालूया. जास्त हलतात."