चपला भाईर काढा की ओ

आत्ताच नाटक बघून घरी आलोय. जेवलेलो नाही. आधी हे लिहून टाकतो, नाहीतर झोप लागायची नाही.

पाऊण तासाचं नाटक, रस्त्यावर राहणाऱ्या एका बाईचं. छोटा हॉल, साठ-सत्तर माणसं, निम्मी ओळखीची. पोरं पदरचे पैसे घालून करतात, कौतुक आहेच. पण दिग्दर्शकानं जे मांडलंय ते बघून माझं डोकं फिरलं.

मधोमध एक गोणपाट. वरून निळा स्पॉट. बाईच्या तोंडाला काळं फासलेलं, केस पिंजारलेले, मागं व्हायोलिन. आणि दर दोन मिनिटांनी विंगेतनं कुणीतरी येतं आणि चपला-बुटांसकट त्या गोणपाटावरनं चालत पलीकडं जातं. ऑफिसवाला, कॉलेजची पोरगी, पोलीस, पुढारी. सगळे तिच्या अंथरुणावरनं! आणि ती बाई हूं की चूं करत नाही.

आमच्या कोल्हापूरच्या महापुराचा २०१९ चा ऑगस्ट आठवा. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर. आमच्या घरात छातीभर पाणी. आम्हाला एका शाळेत हलवलं, एका वर्गात सात कुटुंबं. आईची साडी ओलीच होती. तिनं पहिल्यांदा काय मागितलं असेल? चहा नाही, चादर नाही. केरसुणी. आमच्या वाट्याचा कोपरा झाडला, फळ्याखाली पडलेला खडू उचलला आणि फरशीवर रेघ ओढली. सहा फूट लांब, पाच फूट रुंद. रेघेच्या बाहेर आमच्या चपला, एका ओळीत. शेजारचा एक गडी खिडकीत टॉवेल वाळत घालायला तिथनं निघाला, तर म्हणाली, "चपला भाईर काढा की ओ, आत येतासा."

आत! ना भिंत, ना दार. आणि तो गडी खरंच थांबला. चपला काढल्या, टॉवेल घातला, "येतो मावशी" म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात सातही कुटुंबांच्या रेघा होत्या.

प्रयोग संपल्यावर मी दिग्दर्शकाला गाठलं. म्हणाला, "दादा, ते प्रतीक आहे. समाज त्यांना तुडवतो." अरे बाबा, समाज तुडवतो हे मला ठाऊक आहे. ती तुडवू देते, हे तुला कुणी सांगितलं?

लक्ष्मीपुरीत रात्री दुकानं बंद व्हायच्या वेळेला एकदा उभं राहा. शटर कधी पडतंय याची वाट बघत माणसं समोर थांबलेली असतात. शटर पडलं की पायरी झटकायची, पुठ्ठा घालायचा, चपला उशाखाली. सकाळी दुकान उघडायच्या आत सगळं गुंडाळून पायरी होती तशी. रोज घर मांडायचं आणि रोज मोडायचं. यापेक्षा मोठं नाट्य कुठनं आणणार होतास तू? ते सोडून व्हायोलिन!

आणि तो वाडगा. मध्येच ती बाई वाडगा घेऊन प्रेक्षकांत उतरते. लोकांनी हसत हसत दहाच्या नोटा टाकल्या. बेघर म्हणजे भिकारी, हे कुठनं आलं? हॉटेलात भांडी घासणारे, लग्नात वाढपी म्हणून राबणारे, हमाली करणारेही रात्री रस्त्यावरच झोपतात. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात तर हातही पसरायला नको. पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भीक मागून जगत असावा असा वावरतोय, एवढंही भीक मागण्याच्या व्याख्येत बसतं. म्हणजे तो दिसतो कसा, यावर सगळं. आणि आमचा दिग्दर्शकही त्याला नेमका तसाच दाखवतो, तोंडाला काळं फासून.

राग याचा जास्त येतो की ही नाटकवाली पोरं आपली माणसं आहेत. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र विसरलात? दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवराव भोसल्यांची जयंती, आणि त्यांच्याच नावाचं, शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं थिएटर डोळ्यांदेखत जळत होतं. मी होतो तिथं. म्हातारी माणसं लहान पोरासारखी रडत होती. त्यानंतर तालमीसाठी कुणाची गच्ची, कुणाचा हॉल करत तुम्ही फिरलात. जिथं गेलात तिथं आधी झाडून घेतलंत ना? नारळ फोडलात ना? रंगमंचावर कुणी चपला घालून चढलं तर अंगावर धावून जाता ना तुम्ही? मग ते गोणपाट तिचं काय आहे?

असो. एक गोष्ट मात्र सांगायला पाहिजे. शेवटी ती बाई गाठोडं बांधते. तिथं संगीत नाही, निळा उजेड नाही, साधा पिवळा दिवा. आधी भांडं, त्यात कंगवा, त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले कागद. पिशवीला तिनं दोन गाठी मारल्या, दुसरी दातानं आवळली. आमच्या आईनंही रेशन कार्ड तसंच बांधलं होतं, कमरेला. मला हुंदका आला, खोटं कशाला बोलू. त्या पोरीला कुणी शिकवलं नसणार ते, तिनं कुठंतरी बघितलंय. दिग्दर्शकानं ते ठेवलं, छाटलं नाही, एवढं मान्य करतो.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "निजायच्या आदी झाडून घेटलं का तिनं?" नाही म्हटलं. मग ती काही बोलली नाही.

हे लिहीत असतानाच त्या दिग्दर्शक पोराचा मेसेज आला. वाटलं भांडायला आलाय. "दादा, रविवारी तालीम आहे. आईंना घेऊन याल का?" आई झोपलीय, सकाळी विचारतो. तिचे गुडघे दुखतात आणि तालमीची जागा दुसऱ्या मजल्यावर आहे. तालीम खाली घेणार असशील तर आणतो, असं त्याला कळवलंय.