कोपऱ्यातला पाऊस

तुम्ही नाशिकचे, तुमची स्वतःची वेबसाईट आहे आणि तिचा उजवा कोपरा रिकामा आहे, म्हणजे तिथे हवामान आलंच पाहिजे. अंदाज कुठून घ्यायचा याचा फार विचार करू नका. ज्याच्या ढगाचं चित्र गोंडस, त्याचा घ्या.

फारच चोखंदळ असाल तर पाच सेवांचे आकडे आणून सरासरी काढा. फुकटातल्या बऱ्याच सेवांच्या मागे अमेरिकेचं जीएफएस नाहीतर युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ हीच हवामानाचं गणित मांडणारी संगणकी मॉडेलं असतात, पण एकाच टाकीचं पाणी पाच नळांतून आलं की ते जास्त शुद्ध होतं, नाही का? एक म्हणाला कोरडं, दुसरा म्हणाला ३० मिलिमीटर. तुम्ही १५ छापा. एवढा पाऊस कोणीच सांगितलेला नसतो, त्यामुळे त्यावर हक्क पूर्ण तुमचा.

जीएफएस तर नाशिकसाठीच बनवल्यासारखं आहे. ते नकाशावर चौकोनांची जाळी टाकतं आणि एका चौकोनाला एकच आकडा देतं. हा चौकोन साधारण २८ किलोमीटरचा, आणि त्र्यंबकेश्वरही इथून जवळपास तेवढंच लांब. तिकडे त्र्यंबक-इगतपुरीला धो धो कोसळत असतं, इकडे सिन्नरकर आभाळाकडे बघत बसलेले असतात. चौकोनाला सह्याद्री नीट दिसत नाही, मग तुम्हीच कशाला डोळे ताणता? एकच आकडा सगळ्या जिल्ह्याला लावा. निफाडच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराने तुमचं 'आकाश निरभ्र' वाचून छाटणीनंतरची फवारणी उरकली, तासाभरात औषध धुऊन गेलं आणि घडांवर डावणीची बुरशी उतरली, तर त्याने तरी कोपऱ्यातलं का वाचावं?

भारतीय हवामान खात्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. १८७५ पासूनचं खातं, त्यात २०२५ मध्ये त्यांनी ६ किलोमीटरच्या जाळीचं मॉडेल आणलं. एवढ्या बारकाईने सांगितल्यावर आपल्याला चुकायला जागा कुठे उरते? शिवाय त्यांचे पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे तुमच्या साईटच्या निळ्या थीमवर अगदीच भडक दिसतील.

नॉर्वेचं हवामान खातं साऱ्या जगाचा अंदाज फुकट देतं. त्यांच्या अटींपैकी दोन ध्यानात ठेवा: मागताना आपली ओळख सांगा, आणि मिळालेलं उत्तर साठवून ठेवा, सारखं सारखं विचारू नका. तुम्ही अर्थातच नाव सांगणार नाही आणि प्रत्येक वाचकामागे नव्याने विचारणार. मग ते ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', म्हणून दारातूनच परत पाठवतील. तो आकडा तापमानाच्या रकान्यात छापू नका, एवढं पथ्य पाळा. (छापलात तरी एप्रिलमध्ये कोणाला फारसं खटकणार नाही म्हणा.)

अक्षांश-रेखांश टाकताना आधी कोणता, याची खात्री करत बसू नका. २० आणि ७३.८ उलटे पडले तर नाशिक थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेंट्स समुद्रात जाऊन पडतं. भर उन्हाळ्यात तापमान शून्याच्या आसपास दिसू लागेल. 'नाशिकची हवाच वेगळी' असं खाली लिहून टाका. वेळही यूटीसीतच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतच, राहू द्या. दुपारी साडेतीनची सर तुमच्याकडे सकाळी दहालाच पडून जाईल, आणि छत्री न्यायची की नाही हा प्रश्नच मिटेल.

एकाच सेवेवर जीव लावा. डार्क स्काय ही हवामानसेवा ॲपलने २०२० मध्ये विकत घेतली आणि मार्च २०२३ अखेर तिची एपीआय, म्हणजे इतर साईटना आकडे पुरवणारी सोय, बंद केली, तेव्हा कित्येकांच्या साईटवरचं हवामान एका रात्रीत गेलं. तुमचंही गेलं तर शेवटचा आकडा तसाच राहू द्या. २९ अंश कधी ना कधी होतातच.

आणि मोठी मॉडेलं पंधरा-सोळा दिवसांपलीकडे बोलत नाहीत, म्हणून तुम्ही गप्प बसू नका. २०२७ च्या सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्टला आहे. त्या दिवशीचं रामकुंडाचं भाकीत आजच टाका: 'अंशतः ढगाळ, हलक्या सरींची शक्यता ५० टक्के'. पाऊस पडला तर स्क्रीनशॉट सगळ्या ग्रुपवर फिरवा. नाही पडला तरी उरलेले ५० टक्के तुमचेच आहेत.