दोन वाजता रूम मिळेल म्हणे

कोल्हापुरात चेन हॉटेलं आली याचा मला आनंदच आहे, हे आधीच सांगतो, नायतर कमेंटमध्ये लगेच सुरू होतील. पण या लोकांचं घड्याळ नक्की कुठल्या गावचं आहे ते एकदा कळू दे.

आईला अंबाबाईची ओटी भरायची होती. गावातलं घर आता राहिलं नाही, पाहुण्यांकडं उतरायचं तर जिना चढायचा आणि तिचे गुडघे काय ते ऐकत नाहीत, म्हणून लिफ्ट आहे, कमोड आहे, गरम पाणी आहे बघून एका चेन हॉटेलात एका रात्रीची रूम बुक केली. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी साडेसातच्या आसपास स्टेशनात लागते, मुंबईहून येणारं निम्मं पब्लिक त्याच गाडीनं येतंय, हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पण माहितीय. हॉटेलात गेलो तर चेक-इन दुपारी दोन. अर्ली चेक-इन पाहिजे तर अर्ध्या दिवसाचं भाडं, आणि ते पण रूम रिकामी असली तर. रूम रिकामी नव्हतीच!

आता आई अंघोळ केल्याशिवाय देवळात पाय ठेवणार नाही. रात्रभर गाडीत अवघडलेली, मांडीवर ओटीची पिशवी, साडी-खण-नारळ सगळं धरून लॉबीतल्या त्या खोल सोफ्यात बसली, आणि त्या सोफ्यातनं गुडघेदुखीवाल्या माणसाला उठता येत नाही ही अजून एक गंमत. शेवटी रिसेप्शनवरचा पोरगा, इथलाच, हळूच येऊन म्हणाला, "काकू, जिमच्या बाजूला बाथरूम हाय, गरम पाणी येतंय, चला मी दाखवतो, मॅनेजर यायच्या आत उरका तेवढं." नियम हॉटेलचा, माणुसकी कोल्हापूरची. त्या पोराला मानलं आपण.

रूम मात्र चांगली होती, खोटं कशाला बोलू. चादरी पांढऱ्याशुभ्र, बाथरूममध्ये धरायला दांडी, आईला रात्री शांत झोप लागली. जीएसटीपण साडेसात हजारापर्यंतच्या रूमला १२ चा ५ टक्के झालाय सप्टेंबर २०२५ पासनं, तेवढाच दिलासा.

पण सकाळचा नाश्ता! मिसळ अशी पाटी लावलेली, झाकण उघडलं तर फरसाण आधीच रश्शात घालून ठेवलेलं, सगळा लगदा झालेला, वर कट म्हणून नुसता लाल रंगाचा तवंग आणि सोबत बटर लावलेला गोडसर पाव. अरे बाबांनो, कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाईस ब्रेड मिळतो, कट वेगळा वाढतात, हे बाहेर रस्त्यावर कुठल्याही गाडीवाल्याला विचारा की. दिल्लीत तुम्ही मिसळीचं काय करायचं ते करा, इथं तरी नको. आईनं उपमा खाल्ला आणि गप्प बसली.

आणि मग अकराला चेक-आउट. परतीची महालक्ष्मी रात्री नऊच्या सुमारास सुटते. म्हणजे दोनला आत, अकराला बाहेर, भाडं पूर्ण दिवसाचं आणि हातात २१ तास, वर दोन्ही बाजूचे बिनछपराचे तास आपले आपण रंकाळ्यावर काढायचे. चादरी बदलायला, साफसफाईला वेळ लागतो, मान्य. पण पहाटे काकड आरतीला देऊळ उघडणाऱ्या गावात येणारा माणूस लॅपटॉप घेऊन दुपारच्या विमानानं येणारा नसतो ओ, तो रात्रीच्या गाडीनं म्हातारीला घेऊन येतो. दोन बाथरूम आणि एक सामान ठेवायची खोली सकाळी उघडी ठेवा, वाटलं तर दोनशे रुपये घ्या, लोक खुशीनं देतील. देवळाजवळच्या साध्या लॉजवाल्याला हे कळतं, तो आलात त्या वेळेपासनं २४ तास मोजतो. फक्त त्याच्याकडं लिफ्ट नसते, तिथंच आमचं अडतं.

म्हणून विचारतो, महाद्वार रोड नायतर भवानी मंडपाच्या आसपास लिफ्ट आणि २४ तास चेक-आउट दोन्ही असलेलं कुणाला माहिती असेल तर खाली सांगा. स्वस्तच पाहिजे असं काही नाही. आई चैत्रात परत जायचं म्हणतेय.