तेवढं एक वगळून सगळं लिहिलंय

कंपनी विकत घेतली की सर्व्हर, गिऱ्हाईकं, खुर्च्या सगळं कागदोपत्री ताब्यात येतं. महिनाअखेरीला कुठल्या सर्व्हरला हात लावायचा नाही, हे मात्र कुठल्याच कागदावर नसतं. ते एकाच माणसाच्या डोक्यात असतं आणि त्याचा रिटेन्शन बोनस (वर्षभर टिकून राहण्याचं बक्षीस) बाराव्या महिन्यात हातात पडतो. तेरावा महिना तो बघत नाही.

मग धावपळीत केटी, म्हणजे 'नॉलेज ट्रान्सफर': जाणाऱ्याच्या डोक्यातलं राहणाऱ्यांच्या डोक्यात घालणं. एक तास, चाळीस स्लाइडी. जाणारा बोलतो, राहणारे कॅमेरा बंद ठेवून ऐकतात. 'काही शंका?' शांतता. एक्सेलमधला रकाना हिरवा होतो. मला त्या हिरव्या रंगाची धास्ती वाटते.

कारण घोळ शब्दांतच असतो. आपल्याकडे 'नग' म्हणजे एक, विकत घेतलेल्या कंपनीकडे 'नग' म्हणजे १२ चं खोकं. याद्या जोडल्या की १२ मागवणाऱ्याच्या दारात १४४ उतरतात, आणि दोन्ही सिस्टिम छातीठोकपणे सांगतात, बरोबर आहे! कोड ००४५१ एक्सेलमध्ये उघडला की पुढची शून्यं गळतात. उरलेला ४५१ आपल्या यादीत भलताच माल निघतो. तारखा तर महाबेरकी. दिवस-महिना उलटले तर १३ तारखेपासून पुढे सिस्टिम बोंब मारते. १ ते १२ मुकाट्याने चुकतात. तपासायचं ते तिथेच.

क्वेकर ओट्स या अमेरिकन कंपनीने १९९४ साली स्नॅपल ही शीतपेयांची कंपनी १७० कोटी डॉलरना घेतली आणि १९९७ साली ३० कोटींना विकली. स्नॅपल खपायची ती छोट्या वितरकांच्या जिवावर; क्वेकरला ती आपल्या गेटोरेड या पेयासारखी सुपरमार्केटातून विकायची होती. वितरकांनी दाद दिली नाही. ताळेबंदात वितरकांची मर्जी कुठल्या रकान्यात लिहिणार?

मला विचाराल तर केटीला तीन महिनाअखेरी हव्यात. पहिली जुन्याने करायची, नव्याने बघायची. दुसरीला कीबोर्ड नव्याकडे, जुन्याने हाताची घडी घालून बसायचं (हे त्याला फार जड जातं). तिसरीला जुना फक्त फोनवर. आणि 'प्रोसेस काय?' असं विचारूच नका, पाठ केलेलं उत्तर मिळतं. 'मागच्या वेळी बिघडलं तेव्हा रात्री कोणाला उठवलंत?' असं विचारा. जे नाव येईल, त्याला आधी धरा.

एवढं करूनही बँकेच्या पोर्टलचा ओटीपी गेलेल्याच्याच मोबाइलवर जातो. तो फोन उचलत नाही. नव्या कंपनीत केटी ऐकत बसलेला असतो, कॅमेरा बंद ठेवून.