कोआला वणव्याने राखी झालेला नाही, आणि राखी म्हणजे काळा अधिक पांढरा नव्हे

गेले आठ-दहा दिवस तो कोआलाचा मेसेज फिरतोय. आधी आमच्या वाडीच्या ग्रुपवर आला, मग दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि काल मुंबईहून मावसभावाने मला वेगळा पाठवला, खाली "तू फोटो काढतोस ना, बघ जरा" असं लिहून. ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेसेजचं म्हणणं असं, की कोआला हे ऑस्ट्रेलियातलं एक अस्वल, तिथल्या वणव्यांच्या राखेत पिढ्यान् पिढ्या राहून ते राखी झालं आणि म्हणून शास्त्रज्ञांनी नावसुद्धा 'राखेचा' असंच ठेवलं. निलगिरीच्या पानांची नशा चढते म्हणून दिवसभर झोपतं. रंगच नसल्यामुळे शिकारी त्याच्या वाटेला जात नाहीत. राखी म्हणजे रंग नसणं, त्यामुळे असा प्राणी काढायला सगळ्यात सोपा, काळा नि पांढरा मिसळला की झालं. आणि शेवटी, जुन्या चित्रकारांनी अंदाजपंचे काढलाय, खरा रंग फक्त फोटोत दिसतो. सोबत एक कोआलाचा फोटो, करड्या रंगाचा, एकदम फ्रेम करून लावावा असा.

मी भावाला दोन ओळीत उत्तर देणार होतो, पण ते वाढत गेलं, म्हणून इथेच लिहितो.

अस्वलाचं आधी उरकून टाकू. कोआला अस्वल नाही, तो पोटाला पिशवी असणारा प्राणी, कांगारूच्या गोतावळ्यातला, आणि सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे तिथलाच बिळात राहणारा वॉम्बॅट. पण मेसेजवाल्याला एवढ्यावरून हसू नका, कारण शास्त्रीय नावातच अस्वल आहे. फॅस्कोलार्क्टॉस म्हणजे ग्रीकमध्ये साधारण 'पिशवीवालं अस्वल', आणि हे नाव १८१६ साली एका फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलंय. म्हणजे घोटाळा जुनाच.

आता राख. नावाचा दुसरा भाग सिनेरिअस, लॅटिनमध्ये अर्थ राखेच्या रंगाचा. राखेच्या रंगाचा, राखेतून आलेला नव्हे. हे नाव १८१७ मध्ये गोल्डफुस नावाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने दिलं, आणि त्या काळी हा शब्द रंग सांगायला अगदी सर्रास वापरायचे. पुरावा बघायला ऑस्ट्रेलियाला जायला नको. आमच्या खाडीत ओहोटीला चिखलात एका पायावर तासभर उभा राहणारा राखी बगळा आहे ना, त्याचं शास्त्रीय नाव आर्डिया सिनेरिया, लिनियसने १७५८ साली दिलेलं. तोच शब्द. आता हा बगळा कुठल्या वणव्यातून आला बाबा? आमच्याकडे आग म्हणजे पावसाआधी तरव्यासाठी, भाताच्या रोपांसाठी, जमीन भाजतात ती भाजावळ तेवढीच, त्यावेळी किडे टिपायला कोतवाल पक्षी नि गायबगळे येतात, आणि गायबगळा त्या धुरातून पांढराशुभ्रच बाहेर पडतो.

आणि नुसता विचार केला तरी कळेल. कोआलाचं पिल्लू जन्मतं तेव्हा शेंगदाण्यापेक्षा फार मोठं नसतं, उघडं, गुलाबी. सहा महिने आईच्या पिशवीत वाढतं, आणि तोंड बाहेर काढतं तेव्हा अंगावर राखी लव असतेच. पिशवीत कसली आलीये राख? केसाचा रंग मुळाशी तयार होणाऱ्या मेलॅनिन ह्या रंगद्रव्यावर ठरतो, वरून पडलेली राख एका पावसात जाते. वणवे खरे आहेत, २०१९-२० च्या आगीत कोआलांचे भयंकर हाल झाले, फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण त्या फोटोंतले करपलेले कोआला राखी नव्हते, त्यांची लव पिवळट-तपकिरी जळालेली होती. केस जळला की तसाच दिसतो, शेगडीजवळ हात नेऊन ज्याने बघितलंय त्याला माहितीये.

नशेचं म्हणाल तर ती दंतकथा. निलगिरीच्या पानात पोषण अगदी कमी, तंतू भरपूर आणि वर विषारी द्रव्यं. ते पचवायला यकृत राबतं, आणि पोटात जवळपास दोन मीटर लांबीचं, एका टोकाला बंद असलेलं आतडं असतं, त्यात पानं हळूहळू आंबत राहतात. एवढं करून शक्ती मिळते थोडीच, म्हणून अठरा-वीस तास पडून राहायचं. दुपारी वालाची उसळ नि भात खाऊन माजघरात आडवं झालेल्या माणसाला आपण नशेत आहे म्हणत नाही.

शिकारी वाटेला जात नाहीत हे वाचून मात्र राग आला. १९२७ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या सरकारने महिनाभर शिकार मोकळी सोडली आणि त्या एका महिन्यात पाच लाखांवर कोआला मारले गेले. कशासाठी, तर ह्याच राखी कातड्यासाठी. लव दाट, पाऊस-थंडी अडवणारी, म्हणून परदेशात कोट-टोप्यांना मागणी होती. आणि फेब्रुवारी २०२२ पासून क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशात तो अधिकृतपणे संकटग्रस्त आहे. 'रंग नाही म्हणून वाचला' हे कुठून काढलं देव जाणे.

आता माझ्या आवडीचा मुद्दा, राखी म्हणजे रंग नसणं, काळा नि पांढरा मिसळा.

ह्यात मी स्वतः तोंडावर आपटलोय म्हणून अधिकाराने बोलतो. चार वर्षांपूर्वी आमच्या वाडीच्या वाटेवर गावातल्या प्राण्यांचा एक फलक लावायचा होता, चित्रं काढायला मला सांगितलं. राखी वांदराची पाळी आली, मी डब्यातला पांढरा घेतला, त्यात काळा ओतला, ढवळला, लावला. लांबून बघितलं तर सिमेंटचा वांदर. वर कौलावर बसलेला खरा वांदर नि खाली माझा, दोघांना एका नजरेत बघायची सोय होती त्यामुळे लाज जास्त वाटली. आमचे काका येता-जाता विचारायचे, "रे, ह्येका प्लास्टर कोणी केल्यान?"

नंतर कळलं चूक कुठे होती. काळा नि पांढरा मिसळून जो राखी होतो तो थंड आणि मेलेला दिसतो, बऱ्याच काळ्या रंगांत तर निळसर झाक येते. जलरंगवाले म्हणून राखी बनवताना काळ्याला हातच लावत नाहीत, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना घेतात. एक निळा, एक विटकरी, दोघं एकमेकांना मारतात आणि जो राखी उरतो त्यात कुठे ऊब राहते कुठे गारवा. निळा जास्त झाला तर सावली, विटकरी जास्त झाला तर उन्हातली पाठ. प्राण्याचं अंग असंच असतं.

का असतं ते मला मुंगसाने शिकवलं. मालवणहून कुडाळकडे येताना रस्त्याच्या कडेला गाडीखाली आलेलं एक मुंगूस पडलं होतं, त्याच्या शेपटीचे चार केस मी कागदात घालून घरी आणले आणि भिंगाखाली धरले. लांबून मुंगूस कसं, जांभ्याच्या गडग्यावरून पळताना करडं. भिंगाखाली एकही केस करडा नव्हता. प्रत्येक केसावर पट्टे, गडद, फिकट, गडद, फिकट, मण्यांच्या माळेसारखे. करडा रंग त्या प्राण्याच्या अंगावर नाहीच, तो आपल्या डोळ्यात तयार होतो. कोआलाचं पण नुसत्या एका राखीवर भागत नाही. पाठ राखी, छाती पांढरी, कानाला पांढरी झुलपं, बूड पांढऱ्या ठिपक्यांचं, त्यामुळे खालून बघितला तर झाडात हरवतो. आणि उत्तरेला क्वीन्सलँडचा कोआला लहान, फिकट रुपेरी, तर दक्षिणेला व्हिक्टोरियाचा मोठा, दाट लवेचा आणि बराच तपकिरी. मग 'खरा रंग' म्हणजे कोणाचा?

राख तरी कुठे एका रंगाची असते? आमच्या मागच्या पडवीतली चूल बघा. भाताच्या तुसाची राख काळपट, शेणीची पिवळट, करवंटीची जवळजवळ पांढरी. आई कडव्या वालाला लावायला कुठली घ्यायची आणि भांडी घासायला कुठली हे बरोबर ओळखते, नि तिला कोणी कलर थिअरी शिकवलेली नाही. १८१४ मध्ये एडिंबरोच्या पॅट्रिक साइम ह्या चित्रकाराने निसर्गातल्या रंगांची नावं ठरवून देणारं एक पुस्तक काढलं, पुढे डार्विनने 'बीगल' जहाजावर सोबत ठेवलं होतं तेच, त्यात नुसत्या राखीचेच कितीतरी प्रकार आहेत. राखेचा वेगळा, धुराचा वेगळा, मोत्याचा वेगळा, मग निळसर, हिरवट, पिवळसर. रंगच नसता तर माणूस एवढ्या चौकटी रंगवत बसला असता का?

आता जुने चित्रकार. अंदाजपंचे म्हणे! फर्डिनांड बाउअर नावाचा ऑस्ट्रियन चित्रकार, फ्लिंडर्स ह्या इंग्रज दर्यावर्दीच्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावरून ऑस्ट्रेलियाला गेला, त्याची पद्धत ऐका. समोर प्राणी असेपर्यंत नुसतं पेन्सिलने रेखाटन करायचं आणि प्रत्येक भागावर आकडा टाकायचा. प्रत्येक आकडा म्हणजे एक ठरलेली छटा, अशा शेकडो छटा ठरवलेल्या. रंग भरायचा नंतर, कधीकधी काही वर्षांनी, आकडा बघून. १८०३ मध्ये सिडनीत जिवंत कोआला आणले गेले तेव्हा तो तिथे होता, त्याने काढले, जॉन लेविन ह्या दुसऱ्या चित्रकारानेही काढला. जिवंत प्राणी समोर ठेवून. माझ्या फलकापेक्षा शंभर पटीने काळजी घेतलेली.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. सगळीच जुनी चित्रं अशी नव्हती. पुष्कळदा चित्रकाराकडे पेंढा भरलेलं कातडंच असायचं, रंग उडालेलं. छापील पुस्तकांत चित्र दगडावरून काळं छापून वर हाताने रंग भरायचे, त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत एकाच प्राण्याचा रंग थोडा वेगळा निघू शकतो. आणि जलरंगात शिशाचा पांढरा वापरला असेल तर हवेतल्या गंधकाच्या वायूने तो काळपटतो, म्हणजे आज जे राखी दिसतंय ते कधीकाळी पांढरं असू शकतं. तेव्हा जुन्या चित्रावर शंका घ्या, जरूर घ्या, पण चित्र कसं तयार झालं ते बघून घ्या.

आणि मग तीच शंका फोटोवर पण घ्या ना. मेसेजमधला फोटो मी झूम करून पाहिला. कोआला करडा, ठीक. पण तो ज्या फांदीवर बसलाय तिची पानं पण करडी. निलगिरीची पानं निळसर असतात, पण इतकी करडी नव्हे. कोणीतरी सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, उतरवलंय, बाकी काही नाही. जुने कृष्णधवल फोटो घेतले तर आणखी मजा, सुरुवातीला फोटो ज्या काचांवर घ्यायचे त्यांना निळाच प्रकाश कळायचा, तांबडा जवळजवळ कळायचाच नाही, त्यामुळे तपकिरी अंग गडद करडं उमटायचं.

कॅमेऱ्याचं मुळातच राखीशी साटंलोटं आहे. आतला उजेड मोजणारा मीटर धरूनच चालतो की समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम राखी आहे, फोटोवाले अठरा टक्के ग्रे कार्ड म्हणतात तेवढं. रंगांचा तोल आपोआप सावरणारा ऑटो व्हाइट बॅलन्सही साधारण त्याच गृहीतावर उभा असतो. कोआलाची लव ह्या मध्यम राखीच्या जवळपास, म्हणून वाटतं सोपा. पण तो बसतो झाडाच्या शेंड्याला, मागे लख्ख आभाळ, कॅमेरा आभाळ बघून सगळं काळोखं करतो, तुम्ही उजेड वाढवलात की कानाची पांढरी झुलपं जळतात, म्हणजे नुसती पांढरीफटक उमटतात. भोवतीच्या पानांचा हिरवा उजेड अंगावर पडतो तो वेगळाच. लालभडक पक्ष्यावर थोडी हिरवी झाक आली तर कोणाला कळतही नाही, राखीवर लगेच कळते. आणि मोबाईल तर नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, घालवायच्या नावाखाली लवच पुसून टाकतो, उरतो तो माझा प्लास्टरवाला वांदर.

भावाला हे पटेना, "अरे कॅमेरा कशाला खोटं बोलेल" म्हणाला. आज सकाळी ओहोटीला खडकात गेलो होतो. तिथे वेस्टर्न रीफ हेरॉन असतो, किनाऱ्यावरचा बगळा, एकाच जातीत दोन रंगाचे निघतात, एक पाटीसारखा काळपट राखी, गळ्याला पांढरा, आणि दुसरा पूर्ण पांढरा. काका सोबत होते, त्यांना सांगितलं तर विश्वास ठेवेनात, "ह्यो काळो, तो पांढरो, दोगय एकच कशे?" नशिबाने दोन्ही होते. मी दोघांचे फ्रेमभर फोटो काढले, मुद्दाम एक्सपोजरला हात न लावता, मीटर बगळ्यावर ठेवून. पांढऱ्याला कॅमेऱ्याने दाबून मळका केला, काळपटाला उचलून फिका केला. दोन्ही भावाला पाठवले आणि विचारलं, ह्यातला पांढरा कुठला?

दुपारी रिप्लाय आला, "दोन्ही राखीच आहेत ना?"