बाकावरचे दांडे

आमच्या बागेतल्या बाकांना गेल्या महिन्यात दांडे बसले. एका बाकावर दोन. जिथे पूर्वी चार जणी दाटीवाटीने बसायच्या किंवा एखादा माणूस आडवा व्हायचा, तिथे आता मोजून तीन कप्पे झालेत. ‘लोक झोपतात’ अशी कोणाची तरी तक्रार होती म्हणे. झोपायचे, खरं आहे. पण भर दुपारी झाडाखाली कोणाचा डोळा लागला तर नक्की कोणाचं काय अडतं, हे मला अजून कळलेलं नाही.

दांड्यांना माझा सरसकट विरोध नाही. माझ्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. उठताना हाताखाली काहीतरी लागतं. बाकाला पाठ आणि दोन्ही टोकांना हात असला की वयस्कर माणूस निवांत बसतो. पण तो आधार टोकाला हवा. मधला दांडा कोणी पसरू नये म्हणूनच टाकलेला असतो, आणि तो काही झोपणाऱ्यालाच अडवत नाही. परवा एक आई त्या कप्प्यात बसून मांडीवर तान्ह्याचं डायपर बदलत होती. पिशवी खांद्यावर, झाकण दातात धरलेलं. दोन महिन्यांपूर्वी तिने बाळाला सरळ बाकावर निजवलं असतं.

डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय. मी चालते कमी, बसते जास्त. त्यामुळे बागेच्या सगळ्या पाळ्या पाहून झाल्यात. पहाटेची पाळी चालणाऱ्यांची. ती सगळ्यात संघटित. जॉगिंग ट्रॅक त्यांचा, ओपन जिम त्यांचं, तक्रारवही त्यांची, आणि बागेची बैठक बोलावली की हजरही तेच. (मीही त्यांच्यातलीच, तेव्हा राग नसावा.) संध्याकाळची पाळी पोरांची आणि त्यांच्यामागे धावणाऱ्यांची. मधली दुपारची पाळी मात्र कोणाच्याच खिजगणतीत नसते. मुलाखतीला दोन तास आधी पोचलेला, मांडीवर फाइल घेऊन बसलेला मुलगा. हेल्मेट उशाला घेऊन पडलेला डिलिव्हरीवाला. घरात फोनवर बोलता येत नाही म्हणून इथे येऊन हलक्या आवाजात बोलणारी बाई. या लोकांना ट्रॅक नको, कारंजं नको. त्यांना सावली हवी, पाणी हवं, स्वच्छतागृह हवं आणि कोणी उठवू नये एवढंच हवं. आमच्याकडे नेमका सगळा खर्च कारंज्यावर होतो, आणि तेही बंद असतं.

विल्यम एच. व्हाइट नावाच्या अभ्यासकाने १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या छोट्या मोकळ्या जागांवर कॅमेरे रोखून लोक तिथे काय करतात ते टिपलं. निष्कर्ष ऐकून हसू येतं: लोक तिथेच बसतात, जिथे बसायला जागा असते. पण नकाशे काढणाऱ्यांना हेच सुचलेलं नव्हतं. त्याने टिपलेली आणखी एक गंमत मला फार आवडते. सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती थोडीशी सरकवतो. अनेकदा उगीचच, खुर्ची जिथे होती जवळपास तिथेच राहते. जागा आपली झाली, एवढंच त्यातून होतं.

त्याच शहरातला ब्रायंट पार्क एके काळी अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा झाला होता. १९८८मध्ये तो बंद केला आणि १९९२मध्ये पुन्हा उघडला. आपण काय केलं असतं? भिंत उंच, काटेरी तार, दोन जादा वॉचमन. तिथे पहारा होताच, पण त्याबरोबर आडोसा करणारी दाट झुडपं काढली, आत यायच्या वाटा वाढवल्या आणि शेकडो सुट्या खुर्च्या ठेवल्या. ‘खुर्च्या पळवतील की!’ असं कोणीही म्हणेल. पण त्या आजही तिथे आहेत. बाग माणसांनी भरलेली असली की नको ते धंदे करणाऱ्याला तिथे अवघडल्यासारखं होतं. सुरक्षेसाठी बाग रिकामी करणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं. व्हाइटचं आणखी एक निरीक्षण: एखाद्या जागी बायकांचं प्रमाण चांगलं असेल तर ती जागा नीट चालली आहे असं समजावं.

यावरूनच व्हिएन्नाची गोष्ट. १९९०च्या दशकात तिथल्या बागांमध्ये कोण येतं हे तपासलं तेव्हा दिसलं, की साधारण दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेतून नाहीशाच होतात. कोणी त्यांना हाकललेलं नव्हतं. मधोमध एक मोठं मैदान, मुलगे तिथे फुटबॉल मांडणार, आणि जागेसाठी भांडत बसण्यापेक्षा मुली निघून जाणार. मग १९९९च्या सुमारास दोन बागा बदलून पाहिल्या. पायवाटा वाढवल्या, मोकळ्या जागेचे लहान लहान भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, घोळक्याने बसता येईल असे कट्टे केले. मुली परत आल्या.

हे वाचल्यापासून मी आमच्या बागेत मोजायला लागले. घसरगुंडीवर मुली आहेत. ट्रॅकवर बायका आहेत. अधल्यामधल्या वयाच्या कुठे आहेत? झोक्यावर पाटी आहे, ‘१२ वर्षांखालील मुलांसाठी’. मैदानात क्रिकेट. हिरवळीवर ‘बसू नये’. आता हिरवळीचं मी समजू शकते. रोज तीच जागा तुडवली की माती घट्ट दाबली जाते, मुळांना हवा-पाणी मिळत नाही, गवत मरतं. पण मग ती जागा आलटून पालटून बंद ठेवा ना, कायमची कशाला? आणि दोन फाटकांच्या मध्ये लोकांनी तुडवून तिरकी वाट केलीच आहे, तर तिथे फरशी घाला. आम्ही तिथे तार बांधली. आता सगळे तार ओलांडून त्याच वाटेने जातात. साडी नेसलेल्या आजीसुद्धा.

मागच्या गुरुवारी सातच्या सुमारास शाळेच्या गणवेशातल्या चौघी आल्या, नववी-दहावीतल्या असाव्यात. दोघी झोक्यावर बसल्या, दोघी साखळ्या धरून उभ्या. जोरात झोकेही घेत नव्हत्या, पायाने जमीन उकरत कोणाची तरी नक्कल करून खिदळत होत्या. झोक्यांवर दुसरं कोणी नव्हतंच. तेवढ्यात वॉचमनची शिट्टी वाजली.

“ए, पाटी वाचता येत नाही का?”

“काका, कोणी लहान नाहीये ना पण. आलं की उठतो.”

“उठायचं म्हणजे उठायचं.”

“मग बसायचं कुठे?”

त्यांनी काठीने माझ्या बाकाकडे दाखवलं. एका कप्प्यात मी, दुसऱ्यात माझी पिशवी, तिसरा रिकामा. मी लगबगीने पिशवी उचलली, स्वतःही उठले, म्हटलं, “बसा गं, मी निघालेच होते.” चौघींनी त्या बाकाकडे पाहिलं, दांड्यांकडे पाहिलं. “नको काकू, बसा तुम्ही,” त्यांच्यातली एक म्हणाली, आणि चौघी फाटकाबाहेर फुटपाथच्या कडेला, लावलेल्या दोन स्कूटरांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. नक्कल तिथून पुढे सुरू झाली.